मोठा मुक्तस्रोत प्रकल्प आपल्या संगणकावर उभा करणे: ईआरपीनेक्स्टचे उदाहरण



तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टमध्ये तुम्ही जो कोड लिहिता तो बहुधा एका फोल्डरात मावतो आणि एका कमांडने चालतो. मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाचे तसे नसते. तो उतरवून घेतला म्हणजे लगेच चालू होत नाही. त्याला ठराविक आवृत्तीच्या एकदोन प्रोग्रामिंग भाषा लागतात, डेटाबेस लागतो, मागे चालणाऱ्या चारसहा प्रक्रिया लागतात, आणि यातले एक जरी जागेवर नसले तरी टर्मिनलवर शंभर ओळींचा मजकूर ओतला जातो. मी नोएडा-ग्रेटर नोएडाच्या पट्ट्यात शिकवतो. येथे देशभरातून आलेली मुले असतात आणि मुक्तस्रोतात काहीतरी योगदान करावे असे त्यांतल्या पुष्कळांना मनापासून वाटते. त्यांतली बहुतेक गळतात ती कोड अवघड वाटला म्हणून नव्हे. कोड चालूच झाला नाही म्हणून गळतात. म्हणून या टिपणात फक्त ‘चालू होणे’ एवढाच विषय घेतला आहे.

उदाहरण म्हणून ईआरपीनेक्स्ट घेऊ. लिनक्स कर्नल किंवा लिब्रेऑफिसही घेता आले असते, पण त्यांचा बिल्ड साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास चालू शकतो. ईआरपीनेक्स्ट मोठा आहे, खऱ्या व्यवसायांत वापरला जातो आणि तरीही ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर उभा राहतो. शिवाय तो आपल्याकडचा आहे. मुंबईचे रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून या कामाला हात घातला आणि पुढे त्यातून फ्रापे टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी राहिली. हिशेब, साठा, खरेदी-विक्री, उत्पादन अशी कारखान्याची सगळी कामे त्यात होतात.

सूचना एकच. या टिपणात कमांडची नावे देवनागरीत लिहिली आहेत, ती ओळख पटावी म्हणून. नेमक्या कमांड प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजातून, तुमच्या आवृत्तीच्या पानावरून घ्या. त्या आवृत्तीगणिक बदलतात. कुठल्याशा जुन्या व्हिडिओतून कमांड उतरवून घेणे हे निम्म्या अडचणींचे मूळ असते.

आधी नकाशा

पहिली कमांड देण्यापूर्वी आपण काय उभे करत आहोत हे कागदावर काढा. ईआरपीनेक्स्ट हा एकच प्रोग्राम नाही. खाली फ्रापे नावाची चौकट आहे, तिच्यावर ईआरपीनेक्स्ट हे ॲप बसते. दोघांच्या रिपॉझिटरी वेगळ्या आहेत आणि परवानेही वेगळे: फ्रापे एमआयटी परवान्याखाली, ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून यावर काही बांधून पुढे तो विकायचा विचार असेल तर हा फरक आताच समजून घ्या. जीपीएलखालच्या कोडमध्ये बदल करून तो दुसऱ्याला दिलात तर सोबत स्रोतही त्याच अटींवर द्यावा लागतो.

आता ब्राउझरमध्ये एक पान उघडते तेव्हा मागे काय होते ते पाहू. विनंती आधी पायथॉनच्या वेब प्रक्रियेकडे जाते. ती मारियाडीबीतून माहिती आणते. तीच माहिती वारंवार आणावी लागू नये म्हणून काही भाग रेडिसमध्ये, म्हणजे थेट मेमरीत ठेवलेला असतो. पाचशे बिलांचे ईमेल पाठवण्यासारखे लांबलचक काम असेल तर वेब प्रक्रिया ते स्वतः करत बसत नाही, ती रांगेत चिठ्ठी टाकते. ही रांगही रेडिसमध्येच असते, पण कॅशपासून वेगळ्या प्रतीत. वर्कर नावाची प्रक्रिया रांगेतून चिठ्ठ्या उचलून कामे करते. रोज रात्री करायची कामे वेळ झाली की रांगेत टाकणारा शेड्युलर वेगळा. काम पूर्ण झाल्याचा संदेश ब्राउझरमध्ये पान ताजे न करता दिसतो, तो नोडवर चालणाऱ्या सॉकेट सर्व्हरमुळे. आणि तुम्ही जावास्क्रिप्टची फाइल बदललीत की ती पुन्हा बांधणारी ‘वॉच’ ही आणखी एक प्रक्रिया.

एवढे कागदावर आले की मॅन्युअलमधली यादी रुक्ष राहत नाही. नोड का हवे? सॉकेट सर्व्हर आणि जावास्क्रिप्टच्या बांधणीसाठी. यार्न का? जावास्क्रिप्टची पॅकेजे आणण्यासाठी. डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ कशाला? बिलाची पीडीएफ करण्यासाठी. हे शेवटचे साधन नसले तरी बाकी सगळे चालते, त्यामुळे पहिल्या दिवशी ते अडले तर सोडून पुढे जा. उबुंटूच्या भांडारातून ते घेतले तर पीडीएफमध्ये शीर्षक-तळटीप नीट येत नाहीत, कारण त्या प्रतीत क्यूटीचे सुधारित रूप नसते. मराठी बिल छापून अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर दोष प्रोग्रामचा नाही, देवनागरी फाँट बसवलेला नाही. लोहित किंवा नोटो बसवा.

आवृत्त्या जुळवणे

माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा, आणि विद्यार्थी सर्वांत कमी वेळ यालाच देतात.

समजा तुम्ही ईआरपीनेक्स्टची १५ वी आवृत्ती घेतली. तिला पायथॉन किमान ३.१०, नोड किमान १८ आणि मारियाडीबी १०.६ च्या घरातली हवी. (आवृत्ती म्हणजे दशांश अपूर्णांक नव्हे: ३.१० ही ३.९ च्या नंतरची आवृत्ती, ‘तीन पूर्णांक एक’ नव्हे. हसू नका, परीक्षेच्या पेपरात हे उलटे लिहिलेले सापडते.) आता तुमच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. त्याच्या भांडारात पायथॉन ३.१० आहे, ठीक. मारियाडीबी १०.६ आहे, तेही ठीक. पण नोड मात्र १२ आहे. तुम्ही नेहमीच्या सवयीने ‘ॲप्ट इन्स्टॉल’ केले, काही तक्रार झाली नाही, आणि बऱ्याच वेळाने जावास्क्रिप्टच्या बांधणीच्या टप्प्यावर सगळे कोसळले. चूक पेरली गेली पहिल्या पंधरा मिनिटांत, उगवली दोन तासांनी.

त्यामुळे शिस्त अशी ठेवा: प्रत्येक साधन बसवल्यावर लगेच त्याला त्याची आवृत्ती विचारा आणि उत्तर वहीत लिहा. नोडसाठी एनव्हीएमसारखा आवृत्ती-व्यवस्थापक वापरा, म्हणजे एकाच संगणकावर दोन प्रकल्पांसाठी दोन नोड सुखाने नांदतात.

उबुंटू २४.०४ वर नोड १८ मिळते, पण तेथे दुसरा अडथळा आहे. पिपने काहीही बसवायला गेलात की ‘हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे’ अशा अर्थाचा नकार येतो. इंटरनेटवर याचे उत्तर म्हणून एक जोडशब्द सांगितला जातो, जो लावला की पिप हा नकार ओलांडून पुढे जातो. तो लावू नका. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधने त्याच पायथॉनवर चालतात. त्यातली लायब्ररी बदलली तर प्रकल्प राहील बाजूला, संगणकच नीट चालणार नाही. नकार तुमच्या भल्यासाठी आहे. बेंच हे साधन बसवण्यासाठी पिपएक्स वापरा किंवा स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा.

विंडोज वापरणाऱ्यांनी डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती घ्यावी. त्यात एक पथ्य आहे: प्रकल्प लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर नको. सी ड्राइव्हवर ठेवला तर प्रत्येक फाइल दोन व्यवस्थांच्या सीमेवरून ये-जा करते, कामे कमालीची मंदावतात, आणि फाइल बदलल्याची खबर ‘वॉच’ प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नाही. मग ‘सर, मी कोड बदलला पण पानावर काही फरक नाही’ ही तक्रार.

डॉकरचे काय, असा प्रश्न येईलच. प्रकल्पाची अधिकृत डॉकर रचना आहे आणि चांगली आहे. पण पहिल्या वेळी हाताने उभारणी करावी असे माझे मत आहे. डॉकरमध्ये वरचा सगळा नकाशा डब्यात बंद होतो. डबा चालला तर उत्तम, पण अडला तर तो उघडून कुठे पाहायचे हेच कळत नाही.

डेटाबेस आणि आपली लिपी

मारियाडीबी बसवल्यावर दोन ठिकाणी माणसे अडकतात.

पहिले, रूटचा पासवर्ड. उबुंटूवर मारियाडीबीचा रूट वापरकर्ता पासवर्डने नव्हे, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओळखीने आत घेतला जातो. म्हणून ‘सुडो’ लावले की प्रवेश मिळतो, आणि बेंचने पासवर्ड देऊन प्रयत्न केला की ‘प्रवेश नाकारला’ असे येते. पासवर्ड दहादा टाकून उपयोग नाही, तो बरोबर-चूक असण्याचा प्रश्नच नाही. डेटाबेसमध्ये एकदा सुडोने शिरून रूटला पासवर्डची पद्धत लावून द्या, किंवा बेंचसाठी पुरेसे अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता तयार करा.

दुसरे, अक्षरसंच. दस्तऐवजात सेटिंग फाइलमध्ये काही ओळी घालायला सांगितलेल्या असतात, ज्यात ‘यूटीएफ८-एमबी४’ हा शब्द येतो. विद्यार्थी त्या डोळे मिटून चिकटवतात किंवा डोळे मिटून गाळतात. थोडे थांबून पाहा. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, आणि इमोजीला ४. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण ते क आणि वेलांटी अशी दोन चिन्हे आहे, म्हणजे ६ बाइट. मायएसक्यूएलच्या घराण्यात ‘यूटीएफ८’ या नावाने जो जुना अक्षरसंच होता तो एका चिन्हाला फार तर ३ बाइट देत असे. म्हणजे मराठी त्यात जेमतेम बसते, पण ग्राहकाने निरोपाच्या शेवटी एक हसरा चेहरा टाकला की नोंद अडते. एमबी४ म्हणजे चार बाइटपर्यंत. ही ओळ त्यासाठी आहे. सेटिंग बदलल्यावर डेटाबेस सर्व्हर पुन्हा चालू करा, नाहीतर बदल फाइलीतच राहतो.

बेंच, ॲप आणि साइट

आता ‘बेंच इनिट’. ही कमांड एक फोल्डर तयार करते, फ्रापेचा कोड आणते, आतमध्ये पायथॉनचे स्वतंत्र वातावरण करते आणि जावास्क्रिप्ट बांधते. देताना शाखेचे नाव स्पष्ट द्या. मग ‘गेट-ॲप’ने ईआरपीनेक्स्ट आणा, आणि त्याची शाखाही तीच ठेवा. फ्रापे एका आवृत्तीची आणि ईआरपीनेक्स्ट दुसऱ्या आवृत्तीचे असा संसार होत नाही.

या टप्प्यात काही जीबी उतरतात. हॉस्टेलच्या वायफायवर रात्री उशिरा किंवा पहाटे बसा, मोबाइलच्या रोजच्या डेटावर हे सुरू करू नका. मध्येच तुटले तर अर्धवट फोल्डर दुरुस्त करण्यापेक्षा काढून टाकून नव्याने करणे बहुतेक वेळा सोपे जाते.

तयार झालेल्या फोल्डरात शिरा आणि प्रत्येक उपफोल्डर उघडून पाहा. ‘ॲप्स’मध्ये कोड आहे. ‘साइट्स’मध्ये माहिती आहे. ‘एन्व्ह’मध्ये पायथॉन, ‘कॉन्फिग’मध्ये रेडिसच्या सेटिंग, ‘लॉग्ज’मध्ये नोंदी. बाहेर ‘प्रॉकफाइल’ नावाची छोटी मजकूर फाइल आहे. ती उघडा. आपण कागदावर काढलेल्या नकाशातली प्रत्येक प्रक्रिया तेथे एकेका ओळीत लिहिलेली सापडेल. ‘बेंच स्टार्ट’ ही कमांड दुसरे काही करत नाही, ही फाइल वाचून त्या सगळ्या प्रक्रिया एकदम चालू करते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, जी पुढे गोंधळात टाकते. वेळ आणि डेटा वाचावा म्हणून बेंच कोड आणताना गिटचा पूर्ण इतिहास आणत नाही, फक्त शेवटची स्थिती आणते. त्यामुळे ‘ही ओळ कोणी, का लिहिली’ हे गिटला विचारलेत तर सगळ्या ओळींचा कर्ता एकच दिसतो. दूरच्या रिपॉझिटरीचे नावही नेहमीचे ‘ओरिजिन’ नसून ‘अपस्ट्रीम’ असते. कोड नुसता चालवायचा असेल तर याने काही बिघडत नाही. योगदान द्यायचे असेल तर एकदा पूर्ण इतिहास मागवून घ्या.

पुढचे पाऊल ‘न्यू-साइट’. एकाच बेंचवर अनेक साइट राहू शकतात, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. मग आलेली विनंती कोणत्या साइटची हे कसे कळते? ब्राउझर विनंतीसोबत ज्या पत्त्यावर गेला ते नाव पाठवतो, त्यावरून. म्हणजे साइटचे नाव तुम्ही ‘नोएडा’ ठेवलेत आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहून ८००० क्रमांकाच्या पोर्टवर गेलात तर ‘लोकलहोस्ट अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळते. सर्व्हर चालू आहे, साइटही आहे, फक्त हाक चुकीच्या नावाने मारली. ‘बेंच यूज’ने ती साइट मुख्य करा. किंवा मुळातच नाव ‘नोएडा डॉट लोकलहोस्ट’ असे ठेवा. क्रोम, फायरफॉक्स अशा नावांना आपल्याच संगणकाकडे वळवतात.

लाल मजकूर वाचणे

त्रुटी आली की पूर्ण मजकूर गूगलमध्ये किंवा चॅटबॉटमध्ये चिकटवायची घाई होते. आधी दोन मिनिटे स्वतः वाचा. पायथॉनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायचा: शेवटच्या ओळीत काय झाले ते, त्याच्या वर कुठे झाले ते. जावास्क्रिप्टच्या बांधणीचा मजकूर मात्र वरून खाली वाचायचा, कारण पहिल्या त्रुटीच्या मागे तिची पिलावळ येते. ‘बेंच स्टार्ट’च्या खिडकीत सगळ्या प्रक्रियांचा मजकूर मिसळलेला असतो, पण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला प्रक्रियेचे नाव असते. आधी नाव पाहा, मग नकाशा पाहा. ओळ ‘सॉकेट’ची असेल तर डेटाबेसचा पासवर्ड तपासत बसण्यात अर्थ नाही.

काही त्रुटी बोलतात एक आणि सांगायचे असते दुसरेच. ॲप बसवताना ‘त्रुटी १११, पोर्ट ११०००’ असे आले तर १११ हा लिनक्सचा ‘जोडणी नाकारली’साठीचा क्रमांक आहे आणि ११००० वर बेंचची रांगेची रेडिस असते. म्हणजे ती चालू नाही. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘बेंच स्टार्ट’ चालू ठेवून कमांड पुन्हा द्या. येथे विद्यार्थी म्हणतात, रेडिस तर चालू आहे. ती चालू असते ती उबुंटूची, ६३७९ वर. बेंच स्वतःच्या वेगळ्या प्रती चालवते, कॅशची १३००० वर. उलट बाजूने, ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असे आले तर मागच्या वेळी टर्मिनल नुसते बंद केल्याने जुनी प्रक्रिया मागे राहिली आहे. ती शोधून संपवा.

बांधणी चालू असताना काही न सांगता ‘किल्ड’ आणि १३७ हा क्रमांक दिसला तर कोडमध्ये चूक शोधू नका. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा प्रक्रिया जबरदस्तीने मारण्याचा सिग्नल. बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून कर्नलने ती मारलेली असते. क्रोमचे तीस टॅब बंद करा, स्वॅप वाढवा, पुन्हा चालवा.

सर्वांत फसवी त्रुटी ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’ ही. डिस्क पाहावी तर अर्धी रिकामी. ही ओळ ‘वॉच’ प्रक्रियेकडून आली असेल तर संपलेली जागा डिस्कची नसते. एका वापरकर्त्याने किती फाइलींवर नजर ठेवायची याची कर्नलमध्ये मर्यादा आहे, ती भरलेली असते. हजारो जावास्क्रिप्ट फाइली आणि वर एडिटरही त्याच फाइलींवर नजर ठेवून, मग ती भरणारच. ‘आयनोटिफाय’ची मर्यादा वाढवली की काम होते.

डेव्हलपर मोड

लॉग-इनचे पान आले म्हणजे सेटअप झाला असे समजून पुष्कळजण थांबतात. पण आपण वापरकर्ते म्हणून नव्हे, विकासक म्हणून आलो आहोत.

फ्रापेमध्ये ग्राहक, बिल, वस्तू अशा प्रत्येक प्रकाराला ‘डॉकटाइप’ म्हणतात. डॉकटाइपचे वर्णन दोन जागी असते: ॲपच्या फोल्डरात एक जेसन फाइल आणि डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष तक्ता. डेव्हलपर मोड चालू असेल तर पडद्यावरून डॉकटाइपमध्ये केलेला बदल जेसन फाइलमध्येही लिहिला जातो, आणि गिटला विचारले की तो दिसतो. मोड बंद असेल आणि तुम्ही पडद्यावरूनच फॉर्मला नवे रकाने जोडत गेलात तर ते सगळे फक्त तुमच्या डेटाबेसमध्ये राहतात. चार मुलांच्या गटाने महिनाभर असे काम केले तर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळेच सॉफ्टवेअर तयार होते, आणि रिपॉझिटरीत काहीच नसते. म्हणून साइट तयार केल्याबरोबर हा मोड चालू करा, एक चाचणीपुरता डॉकटाइप स्वतःच्या वेगळ्या ॲपमध्ये करा, आणि ‘गिट स्टेटस’मध्ये नवी फाइल दिसते का ते पाहा.

उलट दिशेचे काम ‘मायग्रेट’ करते. मित्राचा बदल गिटवरून घेतला की जेसन बदलते, तक्ता जुनाच राहतो. मग ‘अनोळखी रकाना’ अशी १०५४ क्रमांकाची त्रुटी येते. मायग्रेट चालवा, तक्ता जेसनप्रमाणे होतो. मात्र हा रस्ता पुढे जाणारा आहे. विकासाच्या ताज्या शाखेवर नेलेली साइट मागच्या आवृत्तीवर सुखरूप परत येईल असे धरून चालू नका. दोन आवृत्त्यांवर काम असेल तर दोन बेंच करा. आणि काहीही मोठे करण्यापूर्वी ‘बेंच बॅकअप’. त्याला मिनिटही लागत नाही.

पायथॉनची फाइल बदलली की वेब प्रक्रिया आपोआप नवा कोड घेते. वर्कर तो घेईलच असे नाही. बदललेला कोड पार्श्वभूमीच्या कामातला असेल तर बेंच बंद करून पुन्हा चालू करा, मग शंका घ्या.

खरेच चालते का, हे कसे ओळखायचे

मुखपृष्ठ उघडणे ही चाचणी नव्हे. वेब, डेटाबेस, रांग आणि पीडीएफ या सगळ्यांना काम लागेल असे काहीतरी करून पाहा. दिल्लीच्या परिसरात त्यासाठी नामी उदाहरण आहे.

नोएडाची मेट्रो पकडून तुम्ही अर्ध्या तासात तीनपैकी दोन शासनांच्या हद्दीतून जाता. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम-फरिदाबाद हरियाणात, मध्ये दिल्ली. माणसाला हे जाणवत नाही, बिलाला जाणवते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: हरियाणा ०६, दिल्ली ०७, उत्तर प्रदेश ०९ (आपला महाराष्ट्र २७). समजा नोएडातल्या एका छोट्या कारखान्याने १८ टक्के कर असलेले १०,००० रुपयांचे सुटे भाग विकले. ग्राहक गाझियाबादचा असेल तर राज्य एकच, म्हणून केंद्राचे ९०० आणि राज्याचे ९०० असे दोन कर बिलावर दिसायला हवेत. ग्राहक यमुनेपलीकडे ओखल्याचा असेल तर माल दिल्लीत जातो, म्हणून १,८०० रुपयांचा एकच आयजीएसटी. रक्कम तीच, रकाना वेगळा. रकाना चुकला तर ग्राहकाच्या विवरणपत्रात घोळ होतो आणि छोट्या कारखानदाराचे पैसे अडकतात. आपण ज्या कोडला हात लावणार आहोत त्याच्या टोकाला असा एक माणूस बसलेला आहे.

भारतीय करांचा हा भाग १४ व्या आवृत्तीपासून ईआरपीनेक्स्टमधून वेगळा काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाच्या ॲपमध्ये नेला आहे. तेव्हा तेही ‘गेट-ॲप’ने आणा, अर्थात जुळणारी शाखा पाहून. कंपनी तयार करताना मनाने रचलेला जीएसटी क्रमांक टाकलात तर तो नाकारला जाईल. क्रमांकातले पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेले तपासणी-अक्षर असते. हा सेटअपचा बिघाड नव्हे. ॲपच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये नमुना क्रमांक आहेत, ते घ्या. त्यांचे पहिले दोन अंक ज्या राज्याचे असतील ते तुमच्या कंपनीचे राज्य. मग एक ग्राहक त्याच राज्यातला आणि एक बाहेरचा, दोघेही नोंदणी नसलेले, असे तयार करून दोन बिले करा. दोन्हीवर योग्य कर लागला, पीडीएफ निघाली, आणि ग्राहकाचे नाव मराठीत नीट छापले गेले, तर नकाशातला जवळजवळ प्रत्येक चौकोन तपासून झाला. तपासणी-अक्षर काढणारे फंक्शनही शोधून वाचा. मोठ्या कोडमध्ये शिरण्याची सुरुवात अशाच एखाद्या छोट्या, बंदिस्त कामापासून करावी.

यानंतर प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्या. त्यांच्यासाठी वेगळी साइट करा, कारण चाचण्या डेटाबेसमध्ये स्वतःच्या नोंदी भरतात. त्या साइटच्या सेटिंगमध्ये चाचण्यांना परवानगी द्यावी लागते, हा अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे. सगळ्या चाचण्या लॅपटॉपवर चालवू नका, फार वेळ जातो. ‘विक्री बिल’ या एका डॉकटाइपच्या चालवा. कोडला हात लावण्यापूर्वीच त्या एकदा चालवून निकाल जपून ठेवा. एखादी चाचणी तेव्हाच नापास असेल तर पुढे ती तुमच्या बदलामुळे नापास झाली नाही हे दाखवता येते.

योगदानाचा बदल विकासाच्या मुख्य शाखेवर, ‘डेव्हलप’वर पाठवायचा असतो. म्हणजे १५ व्या आवृत्तीचा बेंच सरावासाठी ठेवून ‘डेव्हलप’चा दुसरा बेंच उभा करावा लागतो, आणि त्याला लागणाऱ्या पायथॉन-नोडच्या आवृत्त्या अधिक नव्या असतात. पहिल्या बेंचला दोन दिवस गेले असतील तर वहीतल्या नोंदी समोर ठेवून दुसरा एका संध्याकाळी होतो. ती वही गटातल्या पुढच्या मुलाला द्या. त्याच्या लॅपटॉपवर जी ओळ लागू पडणार नाही ती तो खोडून नवी लिहील.